एरॉन्का चॅम्प (१९४६ मॉडेल): हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

ब्रेकच्या दुरुस्तीचं दुसरं बिल हातात पडलं, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. चॅम्प म्हणजे आम्ही भागीदारीत घेतलेलं दोन माणसांचं छोटं जुनं विमान. त्याचे ब्रेक टाचेने दाबायचे असतात, हे वाचून माहीत होतं. पण रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलखाली दडवलेले बिस्किटाएवढे ते दोन तुकडे बुटाला सापडतच नाहीत, हे कुणी सांगत नाही. वारा आडवा असला की टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, विमान नाक वाऱ्याकडे वळवतं. अशा वेळी चवड्याने रडर पूर्ण दाबायचा आणि त्याच पायाची टाच आत वळवून ब्रेक शोधायचा. जाड बूट घातले तर दोन्ही एकदम दाबले जातात, नाहीतर एकही नाही. शेवटी पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट घेतले. मग ओहायोच्या जानेवारीत, त्या नावापुरत्या हीटरसमोर, दोन-दोन मोजे चढवून बसायचो.

केबल ताणून घ्यावी, तर थोड्याच दिवसांत पुन्हा ढिली. वर मेकॅनिक म्हणतो, "या विमानाला ब्रेक हवेतच कशाला?" पैसे घेताना हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

सेल्फ स्टार्टर नाही, तेव्हा इंजिन चालू करायला नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवायचा. त्या वेळी आत माहितगार माणूस ब्रेक दाबून बसलेला हवा. पण ब्रेक धरतील याचा भरवसा नाही, म्हणून चाकांना ठोकळे लावायचे आणि शेपटी दोरीने बांधायची. सुरुवातीला मी भागीदारांच्या मागे लागलो होतो, बॅटरी आणि स्टार्टर बसवूया म्हणून. आता त्याचं नावही काढत नाही. इंजिनावर चालणारी वीजव्यवस्था मूळ विमानात नव्हती आणि नंतरही बसवलेली नाही, म्हणून ठरावीक हवाई हद्दींत २०२० पासून सक्तीच्या झालेल्या एडीएस-बी यंत्रातून (विमान कुठे आहे ते सतत कळवणाऱ्या) आम्हाला सूट आहे. शेजारच्या हँगरमधल्या (विमानाच्या शेडमधल्या) सेस्ना विमानवाल्याने त्या यंत्रापायी हजारो डॉलर मोजले. सूट असली तरी त्या यंत्राशिवाय कोलंबसच्या मोठ्या विमानतळाच्या हद्दीत शिरता येत नाही, पण तिथे माझं काय अडलंय? इंजिन तासाला चारेक गॅलन पितं, तेही रीतसर मंजुरी घेऊन भरलेलं, इथेनॉल नसलेलं गाडीचंच पेट्रोल. या एका गोष्टीवर मी बरंच माफ करतो.

लँडिंगचं म्हणाल तर गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे. नाक जरा तिरकं झालं की शेपटी पुढे धावायला बघते, आणि वेळेत रडर दिला नाही तर ग्राउंड लूप, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं. स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) पोटापर्यंत ओढून पुढची दोन आणि शेपटीचं एक अशा तीन चाकांवर टेकल्यावरही पाय हलते ठेवायचे, थेट हँगरपर्यंत. गवतावर चाकं थोडी घसरतात आणि चूक पोटात घालतात, डांबर मात्र धरून ठेवतं. वेगात असताना जोरदार ब्रेक लागले तर विमान नाकावर उभं राहतं, म्हणजे ढिले ब्रेक एका अर्थी बरेच. मेकॅनिकचं म्हणणं पटलं, बिल अजून पटलेलं नाही.

वजनाचंही बघा. सगळं धरून विमानाचं कमाल वजन १२२० पौंड, म्हणजे साधारण ५५३ किलो. टाकी भरली की दोन माणसं मिळून जेमतेम १७५ किलो. नाशिकहून आलेल्या मेहुण्यांना फिरवायचं होतं, तेव्हा पेट्रोल कमी ठेवावं लागलं. का, ते त्यांना सांगितलं नाही.

घ्यायचंच असेल तर ब्रेक नंतर बघा. आधी पंखांतले लाकडी स्पार (पंखाचा भार पेलणाऱ्या लांब तुळया) उघडून तपासून घ्या, खास करून रिबचे (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांचे) खिळे ठोकलेत तिथे चिरा आहेत का. स्ट्रटला (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या नळ्यांना) आतून गंज लागलाय का, तेही बघा. विकणारा "गेल्या वर्षीच बघितलंय" म्हणाला तर कागद मागा, आणि कागद नसेल तर तिथूनच परत फिरा.