सोमवार ते गुरुवारचा सिनेमा-पास: आठ महिने वापरल्यानंतर

बँकेतून निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका मल्टिप्लेक्स साखळीचा महिन्याचा पास घेतला. महिन्याला चार सिनेमे, फक्त सोमवार ते गुरुवार, दिवसाला एक, आणि एका पासवर एकच तिकीट. रिक्लायनरवाल्या महागड्या पडद्यांना तो चालत नाही. माझा हा उत्साह दोन महिनेच टिकेल, असं घरच्यांचं म्हणणं होतं. आज आठ महिने झाले. वहीत नोंद ठेवते, त्यामुळे आकडे पक्के आहेत: ३२ पैकी २७ सिनेमे पाहिले. ११ मराठी, १० हिंदी, ४ मल्याळम, २ इंग्रजी. नोकरीत असताना वर्षाकाठी पाच-सहा व्हायचे.

पैशांचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. माझ्या भागातल्या दरांप्रमाणे दोन सिनेमे पाहिले की पासचे पैसे वसूल, पुढचे दोन फुकट. पण ॲपवरून बुकिंग करताना प्रत्येक तिकिटावर वेगळी फी लागते आणि खिडकीवर हा पास घेतच नाहीत. ही गोष्ट पास विकताना ठळकपणे सांगायला हवी होती. काही थिएटरांत मंगळवारी तिकिटं तशीही स्वस्त असतात. त्या दिवशी पास वापरू नका, सरळ तिकीट काढा आणि पासवरचा सिनेमा बुधवारसाठी ठेवा. महिना संपला की उरलेले सिनेमे बुडतात. माझे पाच बुडाले, त्यातले तीन घरच्या आजारपणात.

पासामुळे खरा बदल झाला तो सिनेमा बघण्याच्या पद्धतीत. आम्ही वाढलो ते सिनेमा ‘ठरवून’ बघत. शुक्रवारी कुणीतरी बघून यायचं, शनिवारी पेपरातलं परीक्षण वाचायचं, मग रविवारी अलका किंवा विजय टॉकीजला अख्खं कुटुंब. पैसे मोजलेत म्हणून रटाळ सिनेमाही शेवटपर्यंत बसून बघायचा. या आठ महिन्यांत मी तीन सिनेमांना मध्यंतराला उठून आले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ज्यांच्यासाठी एरवी कधीच तिकीट काढलं नसतं असे सिनेमे जाऊन बघितले. चारही मल्याळम सिनेमे त्यातलेच. पहिल्याच्या वेळी खालच्या इंग्रजी ओळी वाचण्यात अर्धा तास गेला आणि चेहरे बघायचे राहून गेले. तिसऱ्यापर्यंत डोळे सरावले.

आता मराठी सिनेमाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पास घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. सिनेमा लागतो शुक्रवारी. शनिवार-रविवारी गर्दी झाली नाही तर सोमवारपासूनच त्याचे खेळ कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी नवे सिनेमे आले की तो उतरतो. म्हणजे लहान मराठी सिनेमासाठी पासवाल्याच्या हातात जेमतेम चार दिवस असतात, सोमवार ते गुरुवार, आणि त्यातही वेळ राहिलेली असते दुपारी सव्वाबाराची नाहीतर रात्री साडेदहाची. पहिल्या दोन महिन्यांत मी ‘बघू सावकाश’ म्हणत तीन मराठी सिनेमे असेच घालवले. मोठा हिंदी सिनेमा दुसऱ्या, तिसऱ्या आठवड्यातही हलत नाही. त्यामुळे मराठी सोमवारीच बघून टाकायचा आणि हिंदीला मागाहून जायचं, हा माझा आता नियमच झालाय.

२०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचं ठरवलं. आधी घोषणा होती संध्याकाळी सहा ते नऊची. वाद झाला आणि ते दुपारी बारा ते रात्री नऊ झालं, म्हणजे सव्वाबाराचा खेळही त्यात बसला. कामाच्या दिवशी दुपारी सव्वाबाराला कोण येऊ शकतं? माझ्यासारखी निवृत्त माणसं, लेक्चर बुडवलेली चार पोरं, शिफ्ट संपवून आलेला एखादा. माझी मुलगी हिंजवडीत नोकरी करते, तिला आणि तिच्या वयाच्या कुणालाही तो खेळ गाठता येणार नाही. मग ‘मराठीला प्रेक्षक येत नाहीत’ असं म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. प्रेक्षक असतो, तो त्या वेळी ऑफिसात असतो.

एकदा तर खेळच रद्द झाला. मी रिक्षात होते, थिएटर दोन सिग्नलांवर, आणि फोनवर निरोप आला: तांत्रिक कारणास्तव खेळ रद्द. आत जाऊन विचारलं तर तिथला मुलगा खाली बघत म्हणाला, “काकू, तीनच तिकिटं गेली होती.” त्याचा काही दोष नव्हता. पण पासवरचा तो सिनेमा परत जमा व्हायला नऊ दिवस लागले आणि तोवर महिना संपला. तीन ईमेल केल्यावर पुढच्या महिन्यात एक वाढवून मिळाला. सुट्या तिकिटाचे पैसे लगेच परत येतात, पासवाल्याला मात्र असं ताटकळत ठेवतात. हे सुधारलंच पाहिजे.

पाण्याचंही सांगते. थिएटरमध्ये बाहेरचं खाणं न्यायला मनाई करता येते, पण पिण्याचं पाणी मोफत द्यावंच लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. मला पहिल्यांदा विकतच्या बाटल्यांच्या काउंटरकडे बोट दाखवलं होतं. शांतपणे पुन्हा विचारलं, तेव्हा स्वच्छतागृहाशेजारचा कूलर दाखवला. विचारा, असतो.

मधल्या वारांच्या दुपारी जे प्रेक्षक भेटतात त्यांच्यासाठी मी हा पास आयुष्यभर घेईन. एका बुधवारी माझ्या मागच्या रांगेतून सतत कुजबुज येत होती. वळून ‘शू’ करणारच होते, इतक्यात शब्द कानावर पडले. “आता ती जिन्यावर उभी आहे. हातात पत्र आहे. उघडत नाहीये.” एक आजोबा शेजारच्या आजींना सांगत होते. आजींची नजर गेली असावी, मान किंचित कलती करून त्या पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या. संवाद सुरू झाला की आजोबा गप्प, संवाद थांबला की पुन्हा चालू. एके ठिकाणी पडद्यावर बराच वेळ नुसता पाऊस होता. आजोबा म्हणाले, “पाऊस.” आणि मग काही बोलले नाहीत. आजीच म्हणाल्या, “ऐकू येतोय.” मध्यंतरात दिवे लागले तेव्हा आजोबांनी माझी माफी मागितली. मी माझी जागा सोडून त्यांच्या पुढच्याच खुर्चीत जाऊन बसले, उरलेला सिनेमा मला तसाच ऐकायचा होता.

सुरुवातीला एकट्याने जाणं जड गेलं. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला आम्ही भिशीच्या चौदाजणी नऊवारी नेसून गेलो होतो. अख्ख्या थिएटरात बायकाच बायका, शेवटी सगळ्या उठून नाचत होत्या. त्या रांगेतून मी सुट्या खुर्चीवर आले होते. चौथ्या महिन्यात भिशीतल्या सहाजणींनी पास घेतले. पण एका पासवर एकच तिकीट, त्यामुळे शेजारी बसायचं तर सातजणींनी सात फोनवरून एकाच वेळी बुकिंग करायचं. मंगळवारी रात्री नऊला ग्रुप कॉल लागतो. “मी के सात घेतली, तू आठ घे, पटकन!” एकीला ओटीपी येत नाही, दुसरीची जागा हातची जाते, एखादी शेवटी पुढच्या रांगेत एकटी पडते. एका खात्यावरून चार-पाच पास जोडता यावेत, एवढी सोय कंपनीने केलीच पाहिजे. ॲप चालवणं अवघड जाणाऱ्या कितीतरी बायका केवळ यामुळे पास घेत नाहीत.

ज्यांना शनिवार-रविवारच मोकळा मिळतो त्यांनी पास घेऊ नये, पैसे वाया जातील. घरच्यांबरोबर सिनेमा बघणं माझंही कमी झालंय. मुलगी आणि जावई शनिवारी जातात तेव्हा तोच सिनेमा माझा आधीच पाहून झालेला असतो. मग तिकीट काढून पुन्हा जाते, त्यांच्याबरोबर बसायला.

काल नवव्या महिन्याचे पैसे भरले. बुधवारी दुपारी सव्वाबाराचा एक मराठी सिनेमा आहे. के रांगेतल्या पाच ते अकरा या सातही जागा सलग मिळाल्या.