जालन्यातली ख्रिस्ती दफनसेवा: पेटी आणि भजन उत्तम, दोर बदलायला हवेत

शवपेटी, शीतपेटी, गाडी, खोदाई आणि भजनी मंडळ एका फोनवर मिळतं. पाळकांना मात्र घरच्यांनीच आधी कळवायचं. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक या पंथांचा उपासनेचा क्रम वेगळा असतो आणि वेळ त्यावरच ठरते.

पेटीचं काम पक्कं आहे. बाजूंना 12 मिमी प्लाय, तळाला 18 मिमी, आणि तळ स्क्रूने आवळलेला. नुसते खिळे मारलेल्या पेटीचा तळ उचलतानाच सुटू लागतो. मोजमाप देताना उंचीत चार इंच वाढवा, खांद्याची रुंदीही सांगा.

शीतपेटी सपाट जागी ठेवून तासभर आधी चालू करा. मे महिन्यात झाकण सारखं उघडलं तर गारवा टिकत नाही, दर्शन काचेतूनच घ्यावं. लाइट गेल्यावर जनरेटर देतात का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

खोदाईत हे लोक कमी पडतात. आपली काळी माती पावसाळ्यात ढासळते. खड्डा सकाळीच खोदावा आणि माती काठापासून तीन फूट लांब टाकावी, पण त्यांची माणसं ती काठावरच रचतात. दोर नायलॉनचे आहेत. ते हातातून सरकतात आणि पेटी एका बाजूने आधी खाली जाते. जाड सुती तीन दोर आणि सहा माणसं, एवढंच तर लागतं.

भजनी मंडळासाठी मात्र ही सेवा घ्याच. खड्डा बुजायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एरवी मंडळी दोन गीतं म्हणून गप्प होतात आणि घरच्यांच्या कानावर नुसती माती पडत राहते. हे मंडळ फुलं ठेवेपर्यंत गाणं थांबवत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा जमातींतल्या ख्रिस्ती लोकांतही अशीच रीत आहे. आदल्या रात्री जागरण असतं. दफनाच्या वेळी पुरुष आळीपाळीने फावडं घेतात आणि गाणं चालूच राहतं. आपल्याकडे काही वडीलधाऱ्यांना कब्रस्तानात मंडळाची ढोलकी खटकते. पण उघड्यावर, रडण्याच्या आवाजात अभंगाची चाल एकत्र धरून ठेवते ती ढोलकीच. लय संथ ठेवायला सांगा.

गीतांचा कागद बारीक टायपात छापतात, म्हाताऱ्या माणसांना तो वाचता येत नाही. मोठ्या अक्षरात मागितला तर देतात. खोदाईचे पैसे बिलात धरलेले नसतात.