स्प्रिंटच्या कॅलरी: घड्याळ, छातीचा पट्टा, तक्ता की अंतराचा हिशोब?

सगळ्या पद्धती एकाच उदाहरणावर तपासू, नाहीतर तुलना नुसती हवेत राहते. वजन 70 किलो. मैदानावर 100 मीटरच्या 8 स्प्रिंट, प्रत्येक साधारण 15 सेकंदांची, आणि दोन स्प्रिंटच्या मध्ये 2 मिनिटं चालत परत. एकूण व्यायाम 16 मिनिटांचा, पण त्यातलं पळणं फक्त 2 मिनिटांचं. कॅलरीच्या नोंदीतला बहुतेक घोळ याच फरकातून होतो.

आधी तक्ता, कारण ॲपमध्ये हाताने नोंद करणारे नकळत तोच वापरतात. तक्त्याचं एकक म्हणजे मेट. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च 1 मेट, म्हणजे किलोमागे तासाला साधारण 1 कॅलरी. 'कम्पेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज' ही मेटची यादी 1993 मध्ये पहिल्यांदा आली आणि नंतर सुधारत गेली. तिच्या 2011 च्या आवृत्तीत ताशी 14 मैल, म्हणजे सुमारे 22.5 किलोमीटर वेगाने पळण्याला 23 मेट दिले आहेत. आता ॲपमध्ये 'वेगाने धावणे, 16 मिनिटं' असं टाकलं तर उत्तर येतं सुमारे 430 कॅलरी. तोच तक्ता नीट वापरला, पळण्याच्या 2 मिनिटांना 23 मेट आणि चालण्याच्या 14 मिनिटांना 3 मेट धरले, तर बेरीज होते 103. मधल्या सव्वातीनशे कॅलरी म्हणजे एक वडापाव आणि वर चहा, आणि हा वडापाव तुम्ही 'कमावलेला' नसतो. तक्ता चुकलेला नाही. मिनिटं विचारणाऱ्या रकान्यात विश्रांतीही धावण्याच्या भावाने मोजली गेली.

अंतराचा हिशोब याहून सोपा आहे, आणि माझ्या मते स्प्रिंटसाठी जास्त भरवशाचा. सपाटीवर पळताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण 1 कॅलरी लागते, वेग कमी असो वा जास्त. आपल्या उदाहरणात 0.8 किलोमीटर गुणिले 70, म्हणजे 56. मात्र हा नियम एका लयीत पळणाऱ्यासाठी आहे. स्प्रिंटर दर वेळी शून्यातून सुटतो, आणि खरी किंमत त्या सुटण्याची असते. शरीरक्रियेचे संशोधक दि प्राम्पेरो आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे छान मांडलं: वेग वाढवत पळणं हे ऊर्जेच्या दृष्टीने चढावर पळण्यासारखं आहे. घरगुती अंदाजही काढता येतो. 70 किलोचं शरीर सेकंदाला 8 मीटर वेगाला नेण्यासाठी सुमारे 2,240 ज्यूल लागतात. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तर दर स्प्रिंटला जादा 2 कॅलरी, आठांच्या मिळून 17. त्यात चालण्याच्या 49 मिळवल्या की एकूण 120 च्या आसपास. कागदावर दोन मिनिटांचं काम आहे.

मनगटावरच्या घड्याळाची गोष्ट वेगळी. ते हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचा रक्तप्रवाह वाचतं. स्प्रिंटमध्ये हात जोरात हलतात, पट्टा सरकतो, आणि कधी कधी घड्याळ हृदयाऐवजी हातांचीच लय मोजू लागतं. पण समजा ठोके अचूक मोजले, तरी प्रश्न सुटत नाही. 2017 च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. त्यातल्या सहांची ठोक्यांतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सर्वांत चांगलं उपकरण 27 टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट 93 टक्के. तेही चालणं, पळणं, सायकल अशा साध्या कामांत!

म्हणून 'छातीचा पट्टा घेतला की कॅलरी बरोबर येतील' हे दुकानातलं वाक्य अर्धंच खरं आहे. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो. ठोक्यांसाठी तो मनगटापेक्षा नक्कीच सरस, फक्त त्याचे पॅड ओले करून लावा. पण ठोक्यांवरून कॅलरी काढणारं सूत्र एका लयीच्या व्यायामासाठी बेतलेलं असतं. त्यात ठोके आणि प्राणवायू हातात हात घालून चढतात. स्प्रिंटच्या 15 सेकंदांत स्नायू बरीचशी ऊर्जा प्राणवायूशिवाय उचलतात, उधारीवर. हृदय मागून धावत येतं. तुम्ही चालत परतत असता आणि ठोके अजून चढलेलेच असतात. त्यामुळे सूत्र पळताना कमी मोजतं आणि चालताना जास्त. दोन चुका एकमेकींना खोडतीलही, पण तो योगायोग. पट्टा घ्यायचाच तर पुढची स्प्रिंट कधी मारायची हे ठोक्यांवरून ठरवायला घ्या, त्यासाठी तो उत्तम आहे.

व्यायामानंतरही तासन्‌तास कॅलरी जळत राहतात, या जाहिरातीतही तथ्य थोडंच. 2006 च्या एका आढाव्यात हा नंतरचा जादा खर्च व्यायामाच्या खर्चाच्या 6 ते 15 टक्के धरला आहे. आपल्या 120 वर फार तर 18.

आता निवड. वजन कमी करायचं असेल तर अंतराचा हिशोब घ्या, एकदा आकडा काढा, गोल करा (आपल्या उदाहरणात नंतरचा थोडा जादा खर्च धरून 130) आणि तेवढ्याच व्यायामाला दर वेळी तोच लिहा. वॉर्म-अपचं जॉगिंग वेगळं मांडा, अनेकदा त्याच्याच कॅलरी स्प्रिंटपेक्षा जास्त भरतात. दोन किलोमीटर जॉग केलं की झाल्या 140. घड्याळ आधीच हातात असेल तर काढून ठेवायची गरज नाही, पण नोंदीत 'टोटल'ऐवजी 'ॲक्टिव्ह' आकडा घ्या, कारण बसल्या जागीचा खर्च दिवसाच्या हिशोबात धरलेलाच असतो. घड्याळ ॲपला जोडलेलं असताना तोच व्यायाम हातानेही भरला तर तो दोनदा धरला जातो, हेही एकदा तपासा.

पोलीस भरतीसाठी पळणाऱ्यांनी मात्र कॅलरीचा रकाना सरळ सोडून द्यावा. मुलांच्या मैदानी चाचणीत 1600 मीटरला 20 आणि 100 मीटरला 15 गुण असतात, आणि ते सेकंदांवर मिळतात. त्यांच्या वहीत तारीख, अंतर, प्रत्येक स्प्रिंटची वेळ आणि मधली विश्रांती एवढं पुरे. पहिल्या आणि आठव्या स्प्रिंटमधला फरक दर आठवड्याला पाहिला तर तयारी कुठे आहे ते कळतं.

वजनवाल्यांनी तीन-चार आठवडे एकाच वेळी, सकाळी उपाशीपोटी वजन करून सरासरी काढावी. काटा हलत नसेल तर स्प्रिंटचा आकडा वाढवून उपयोग नाही, जेवणाची नोंद आधी तपासा.