पावती होती, बुकिंग नव्हतं

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी एका येऊ घातलेल्या इलेक्ट्रिक एसयूव्हीसाठी २१,००० रुपये भरले. गाडी बाजारात यायची होती. हायवेलगतच्या त्या शोरूममध्ये होता एक मोठा फलक, एक टॅब आणि अतिशय गोड बोलणारा मुलगा. "सर, पहिल्या लॉटमध्ये नंबर लावतो. दसऱ्याला गाडी दारात. आणि ईव्हीचा जीएसटी वाढणार आहे, आत्ताच बुक करा."

जीएसटी काही वाढला नाही. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. इलेक्ट्रिक गाड्यांचा ५ टक्केच राहिला आणि छोट्या पेट्रोल गाड्यांचा मात्र १८ टक्क्यांवर उतरला. ही बातमी बायकोने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

पैसे मी क्यूआर कोड स्कॅन करून दिले. खातं कंपनीचं नव्हतं, डीलरचं होतं. नाव स्क्रीनवर दिसलं होतं, पण त्यात काही वावगं वाटलं नाही. 'बुकिंग रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत' हे मी कंपनीच्या वेबसाइटवर वाचून गेलो होतो, त्यामुळे निर्धास्त होतो. ती हमी होती कंपनीकडे नोंदलेल्या बुकिंगला. माझ्या पावतीवर 'एन्क्वायरी अ‍ॅडव्हान्स' छापलेलं होतं आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'रद्द केल्यास नियमानुसार कपात'. पंचवीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली मी. दुसऱ्यांची व्हाउचरं उलटीपालटी करून बघतो, आणि स्वतःची पावती घडी घालून खिशात!

रेंजचा आकडाही असाच डोळे मिटून घेतला. फलकावर एका चार्जमध्ये ४५० किलोमीटर. आमचं गाव कराड, पुण्याहून साधारण १६० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन चार्जिंगची कटकटच नाही, असा माझा हिशेब. तो आकडा निघतो प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर ठरावीक वेगाच्या चक्रात चालवून. या आकड्याचं प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही वाहनचाचणी संस्था आमच्या कोथरूडच्याच टेकडीवर आहे, रोज सकाळी तिच्या कुंपणाशेजारून फिरायला जातो, तरी हे मला कळलं ते नंतर. भर उन्हात एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना तो आकडा हाती लागत नाही. शोरूममधल्या त्या मुलाला विचारलं असतं तर तो "आरामात, सर" म्हणाला असता. मी विचारलंही नाही.

खरा फटका मात्र जुन्या गाडीचा. "एक्स्चेंज बोनस हवा असेल तर आत्ताच द्या, नंतर भाव पडेल," म्हणून त्यांनी आमची बारा वर्षांची गाडी सप्टेंबरातच नेली. तिचे पैसे लगेच मिळाले, तेवढं खरं. पण दसरा गेला, पाडवा गेला, आणि आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की मी रिक्षाच्या अ‍ॅपकडे बघत बसायचो. दरम्यान सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून परवानगी मिळवली, मीटरपासून पार्किंगपर्यंत चार्जरची केबलही ओढून घेतली. गाडीचा पत्ता नसताना.

नोव्हेंबरात त्या मुलाचा फोन आला: अ‍ॅलॉटमेंट पक्की करायला आणखी ५०,००० भरा. सोबत नवं कोटेशन. त्यात अ‍ॅक्सेसरीजचा सक्तीचा पॅक, 'हँडलिंग', आणि 'आरटीओ टॅक्स' म्हणून भलीमोठी रक्कम. आपल्याकडे इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे, तो हे कसला लावतायत? तिथे पहिल्यांदा माझ्यातला अकाउंटंट जागा झाला. थेट कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी मोबाइल नंबर विचारला, दोनदा तपासला. "सर, या नंबरवर आमच्याकडे बुकिंगच नाही."

लॉट नाही, नंबर नाही, काहीच नाही. अडीच महिने मी ज्या रांगेत उभा होतो, ती रांगच नव्हती.

शोरूममध्ये गेलो तर "सिस्टीम डाऊन होती, सर" आणि रद्द करायचं तर ५,००० कापणार. वाद घालून उपयोग झाला नाही. मग पावतीचा फोटो, यूपीआयचा तपशील आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'दसऱ्याला नक्की' हे सगळं कंपनीला ईमेल केलं, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर डीलरला पाठवला. सतराव्या दिवशी पूर्ण २१,००० परत आले. तोंडी कबूल केलेलं मी काहीच सिद्ध करू शकलो नसतो. चॅट होतं म्हणून निभावलं.

आता बुकिंग करताना माझे प्रश्न तीनच: पैसे कोणाच्या खात्यात जातायत, कंपनीकडून बुकिंग नंबर माझ्या मोबाइलवर आला का, आणि डिलिव्हरीची तारीख लेखी देता का. तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हो म्हणालेलं नाही. म्हणून नवी गाडी दारात उभी राहीपर्यंत जुनी विकायची नाही, हे मी सोसायटीत भेटेल त्याला सांगतो.

केबल अजून पार्किंगमध्ये लोंबकळतेय. टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधलीय, पाणी जाऊ नये म्हणून.