मालवणचं युट्युब-रील्स वर्कशॉप: शनिवार वसूल, रविवार पाण्यात

मालवणला दोन दिवसांचं युट्युब-रील्स वर्कशॉप करून आलो, कसं होतं ते बरेच जण विचारतायत म्हणून लिहितो. नाव घेत नाही, का ते पुढे कळेलच.

शनिवारी शिकवणारा दादा इथलाच, बडबड कमी. एका पोराचा रापणीचा (किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी) व्हिडीओ त्याने सरळ युट्युब स्टुडिओत उघडून रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठपर्यंत बघतात त्याचा, ग्राफ दाखवला. आधी लोगो फिरतोय, मग ‘नमस्कार मंडळी, कसे आहात’, मग सबस्क्राईब करा, आणि ग्राफ तिथेच धाडकन खाली, जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत पब्लिक कधीच पळालेलं. दादा म्हणे, ‘आदी जाळा दाखय, तुजा थोबाड मगे.’ तिथेच बसून कापायला लावलं, पहिल्याच शॉटला दोरी ओढणाऱ्यांचा गलका आणि वाळूत उडणारे बांगडे. खरंच वेगळाच व्हिडीओ झाला.

मग चिवल्याच्या किनाऱ्यावर नेऊन एकच वाक्य दोनदा रेकॉर्ड, एकदा फोनवर, एकदा केसाळ कव्हर घातलेल्या कॉलर माइकवर. फोनवाल्यात नुसता वारा! कॅमेऱ्याआधी माइक घ्या हे मला तरी पटलं. पैशाचंही त्याने उगाच गाजर दाखवलं नाही, ५०० सबस्क्रायबर आणि वर्षात ३००० तास वॉचटाइमवर सुपर थँक्स (बघणारे खूश होऊन देतात ते पैसे) वगैरे मिळतं पण जाहिरातींसाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास वॉचटाइम, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, हे फळ्यावर लिहूनच दिलं.

रविवारी बाहेरून आलेले सर. रोज ३ रील टाका, ट्रेंडिंग ऑडिओ लावा, संपलं. सुक्या मासळीचे व्हिडीओ करणाऱ्या एका काकींनी विचारलं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा काय टाकायचं? सर म्हणाले, पॉझिटिव्ह राहा. अहो, झापांनी शाकारलेल्या होड्या, जाळी विणणारे म्हातारे, खारवलेले मासे, विषयच विषय आहेत की (हे चहाच्या वेळी दादानेच सांगितलं). आणि शेवटी काय, तर फॉलोअर विकत घ्यायचं पॅकेज! असले खोटे सबस्क्रायबर युट्युब काढून टाकतं आणि ते व्हिडीओ बघत तर नाहीतच, मग घेऊन करायचं काय.

जेवणाला बांगड्याचं तिखलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या बॅचला जाणार असाल तर फक्त शनिवारची फी घेता का ते आधी विचारा, आणि स्वतःचा एखादा पडलेला व्हिडीओ सोबत न्या, दादा तोच उघडून बसतो.