चिंगीची टोपली: चार किलोच्या कुत्रीसाठी घेतलेला खाऊ, च्यू आणि खेळणी

चिंगीच्या वरच्या जबड्यात डाव्या बाजूची मोठी दाढ आता नाही. काढलेली दाढ डॉक्टरांनी माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा मी बघतच राहिले. वरचा भाग माझ्या करंगळीच्या नखाएवढा आणि खाली तीन लांब मुळं. एवढ्याशा तोंडात एवढं खोल रुतलेलं काही असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

दाढ तुटली हरणाच्या शिंगाच्या तुकड्यावर. पाकिटावर छोट्या कुत्र्याचं चित्र होतं, 'लहान जातींसाठी' असंही छापलेलं होतं, आणि तेवढं वाचून मी निर्धास्त झाले. प्रत्यक्षात फक्त तुकडा लहान कापला होता; शिंग मोठ्या कुत्र्याच्या पाकिटात असतं तितकंच कठीण. चिंगी ते पुढच्या पायांत धरून तोंडाच्या कडेने करकर चावत बसायची. आठ-दहा दिवसांनी ती उजव्या बाजूनेच खाते आहे, हे लक्षात आलं. ओठ वर करून पाहिलं, तर दाढेची बाहेरची बाजू कपचा उडावा तशी उडालेली आणि मधोमध एक गुलाबी ठिपका. दाताची नसच उघडी पडली होती. कुत्रं वस्तू कातरतं ते याच दाढेने, त्यामुळे शिंग, खूर, हाड आणि कडक नायलॉनची हाडकं यांच्यावर पहिला बळी हिचाच जातो.

त्या दिवसापासून घरात येणारी चघळायची प्रत्येक वस्तू मी आधी नखाने दाबून पाहते. नख थोडं तरी रुतलं पाहिजे. रुतलं नाही, तर ती वस्तू चिंगीच्या दातांपेक्षा कठीण आहे असं मी धरून चालते. दुकानदार काहीही म्हणो, चित्र काहीही असो.

हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण लहान कुत्र्यासाठी वस्तू निवडताना सगळे आकार बघतात. मीही तेच केलं. बघायचं असतं ते वजन, कठीणपणा आणि शेवटी उरणारा तुकडा. चिंगी सात वर्षांची आहे, वजन बरोबर चार किलो. मी घरी शिवणकाम करते, ती दिवसभर मशीनच्या पेडलजवळ बसलेली असते. म्हणजे ती काय चावते, कसं चावते, हे माझ्या डोळ्यांसमोरच चालतं.

खाऊपासून सुरुवात करते, कारण तिथे माझी दुसरी चूक झाली होती. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा डॉक्टरांचा नेहमीचा नियम. ऐकायला सोपा आहे, पण चार किलोच्या जिवासाठी तो किती कडक होतो ते हिशोब मांडल्यावर कळलं. किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात काढून त्याला ७० ने गुणायचं, की निवांत पडून राहायला लागणारी ऊर्जा मिळते. चिंगीची ती सुमारे २०० किलोकॅलरी येते. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याच्या साधारण १.६ पट धरतात, म्हणजे ३२०. त्यातला खाऊचा वाटा फक्त ३२. आता मी तेव्हा देत होते ते बिस्कीट बघा: वजन आठ ग्रॅम, पाकिटावर किलोला ३,५०० किलोकॅलरी लिहिलेल्या. एका बिस्किटात २८ झाल्या! मी दिवसाला तीन देत होते आणि ती जाड का होते आहे, म्हणून जेवण कमी करत होते. तिचं पोषण जेवणात होतं आणि मी तेच कापत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता सकाळीच तिच्या रोजच्या दाण्यांतले मोजून थोडे बाजूला डबीत काढते आणि दिवसभराचं शाबासकीचं काम त्यांवरच चालतं. नखं कापताना किंवा डॉक्टरांकडे जाताना मात्र मऊ ट्रीट काढते, आणि तीही कात्रीने वाटाण्याच्या अर्ध्या आकाराची कापून. कुत्रं तुकडे मोजतं, तुकड्याचा आकार मोजत नाही. एका ट्रीटचे सहा तुकडे केले तर तिला सहा वेळा आनंद होतो. म्हणून विकत घेताना मी एवढंच बघते: बोटांनी तुटते का, तुटल्यावर चुरा होतो का, आणि पाकिटावर कॅलरी छापल्या आहेत का. छापलेल्या नसतील तर घेत नाही.

वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या मी बंद केल्या आहेत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे २००७ पासून अशा पट्ट्या खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या तक्रारी येत गेल्या. काहींच्या मूत्रपिंडांना इजा होऊन रक्तातली साखर ठीक असतानाही लघवीतून साखर जाऊ लागली होती. नेमकं कारण शोधायला वर्षानुवर्षं तपास झाला, पण एका घटकावर बोट ठेवता आलं नाही. ज्याच्याशिवाय आमचं काही अडत नाही, त्यासाठी मला हा धोका पत्करायचा नाही.

दातांसाठीच्या च्यूबद्दल, म्हणजे चघळायच्या खाऊबद्दल, माझं मत बदललं आहे, चांगल्या बाजूने. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, मग ते कुत्रं चाळीस किलोचं असो की चार. लहान जबड्यात तेवढेच दात दाटीवाटीने बसतात, फटींत अन्न अडकतं, आणि म्हणून हिरड्यांचे आजार लहान कुत्र्यांना जास्त आणि लवकर होतात. दातावरचा चिकट थर काही दिवसांतच लाळेतल्या क्षारांनी कडक होतो आणि त्याचं किटण बनतं. किटण झालं की ब्रशने निघत नाही. 'दात स्वच्छ करतं' असं तर प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं. व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल नावाची संस्था १९९७ पासून चाचण्यांचे निकाल तपासून आपली मोहोर देते, थर कमी करण्यासाठी, किटण कमी करण्यासाठी किंवा दोन्हींसाठी. मी त्या मोहोरेची काडी घेतली. लवचीक आहे, नख रुततं, वजनाच्या पट्ट्याप्रमाणे आकार मिळतो. पण एका काडीला २६ किलोकॅलरी, म्हणजे ज्या दिवशी काडी, त्या दिवशी बाकी खाऊ जवळजवळ बंद. शिवाय चावली तरच उपयोग. पहिल्या दिवशी चिंगीने दोन घासांत गिळली होती. आता एक टोक मी धरून ठेवते आणि ती दाढेने चावत पुढे येते. चार-पाच मिनिटं जातात. ब्रश मी सोडलेला नाही. काडी ब्रशच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

कातड्याच्या गुंडाळीचं सांगायचं तर एकदाच आणली. जनावराच्या कातड्याचा आतला थर वाळवून गुंडाळतात आणि ओला झाला की तो फुगतो. वीस मिनिटांनी टोक पांढरं, बुळबुळीत झालं होतं आणि चिंगी ते तसंच घशाकडे ढकलत होती. मी बोट घालून बाहेर काढलं. मोठ्या कुत्र्याच्या पोटातून जो तुकडा सरकून जाईल, तो हिच्या आतड्यात अडकू शकतो, हे त्या क्षणी हाताला कळलं. बुली स्टिक म्हणजे बैलाचं वाळवलेलं शिश्न. ते कातड्यापेक्षा चांगलं पचतं आणि चिंगीला मनापासून आवडतं, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या एका इंचात ९ ते २२ किलोकॅलरी निघाल्या, आणि तपासलेल्या काही नमुन्यांवर माणसालाही बाधणारे जंतू सापडले. म्हणून महिन्यातून दोनदा, दीड इंच, आणि नंतर माझे हात आणि फरशी साबणाने धुवायची.

च्यू कुठलाही असो, शेवटचा तुकडा माझा. अंगठ्याएवढा उरला की काढून घेते. हिसकावत नाही. हिसकावलं की पुढच्या वेळी ती घाईने गिळते, हे मी पाहिलं आहे. नाकाशी मऊ ट्रीट धरायची, तोंड उघडलं की अदलाबदल.

आता खेळणी. इथे माझा धंदा कामाला आला.

कापडी खेळणं हातात घेतलं की मी आधी शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणते. टाके लांब असतील तर मधून पांढरा कापूस दिसतो. तिथे चिंगीचा सुळा शिरणार आणि दहा मिनिटांत खेळणं उसवणार. टीप बारीक हवी, दुहेरी असली तर उत्तम, आणि कडेला कापड पुरेसं सोडलेलं हवं. अगदी काठाला घातलेली टीप कापडाचे धागे सुटले की सगळीच निघते. डोळे-नाक भरतकामाचे हवेत. प्लास्टिकची बटणं असतील तर घरी आल्याबरोबर मी ती उतरवते. आतली पिपाणी प्लास्टिकची, गिळता येईल एवढी असते. चिंगीला आवाज फार प्रिय आहे, म्हणून दोन खेळण्यांतल्या पिपाण्या मी काढून जाड कापडाच्या पिशवीत दुहेरी शिवल्या आणि परत आत घातल्या. दीड वर्ष झालं, दोन्ही शाबूत आहेत.

दोरीची खेळणी मात्र मी घरातून काढून टाकली. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते मला चटकन समजलं, कारण तेच मी रोज हाताने करते. घागऱ्याच्या कापडात दोरा घालून एक टोक पक्कं धरायचं आणि दुसरं ओढायचं, की कापड गोळा होऊन चुण्या पडतात. गिळलेल्या दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकलं आणि बाकीचा दोरा पुढे गेला, की आतडं त्या दोऱ्यावर तसंच चुणतं. पुढे दोरा आतड्याची भिंत कापत जातो. ऑपरेशनशिवाय सुटका नसते. हे ऐकलं आणि त्या रात्री मी फक्त दोरीचं खेळणंच नाही, तर शिवणाच्या खोलीतली सगळी रिळं झाकणाच्या डब्यात ठेवली. ओढाओढीसाठी आता फ्लीस या मऊ, लवदार कापडाची एक जाड पट्टी आहे. एका टोकाने मी ओढते, दुसऱ्याने चिंगी, आणि खेळ संपला की पट्टी खुंटीवर.

सर्वांत पैसे वसूल कशाचे झाले, तर पोकळ रबरी खेळण्याचे. माझ्याकडे काँग या कंपनीचं सर्वांत लहान आकाराचं लाल आहे. अमेरिकेत जो मार्कहॅम यांनी १९७०च्या दशकात ते बनवलं. त्यांचा कुत्रा दगड चावायचा, आणि गाडी दुरुस्त करताना काढलेला एक रबरी भाग त्याने उचलला, अशी कंपनी सांगते ती गोष्ट. लाल रबर नेहमीचं, काळं जास्त कडक. चिंगीसारखीला काळ्याची गरज नाही. पिल्लांसाठी आणि म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी मऊ रबराची वेगळी मिळतात. अशा कुठल्याही खेळण्याला दोन भोकं आहेत का, ते जरूर बघा. एकच भोक असलं तर आतली हवा ओढली जाते आणि जीभ आत अडकून सुजते. चिंगीचे भिजवलेले दाणे त्यात दाबून भरते आणि फ्रीजरमध्ये ठेवते. गोठलेलं काढून दिलं की अर्धा तास ती फक्त चाटत असते, दाताला काही त्रास नाही.

आत पीनट बटर लावणार असाल तर बाटलीवरचे घटक शेवटपर्यंत वाचा. झायलिटॉल असेल, किंवा तेच 'बर्च शुगर' या नावाने लिहिलेलं असेल, तर कुत्र्याच्या जवळही नेऊ नका. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. चिंगीच्या वजनाला म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी.

चेंडूचं थोडक्यात. टेनिसच्या चेंडूचं केसाळ आवरण धूळ धरतं आणि रोज चावलं तर दात घासून झिजतात. फार लहान चेंडू घशात बसतो. सुळ्यांच्या मागे जाईल इतका लहान नको. आणि लाल घेऊ नका. कुत्र्यांना निळा आणि पिवळा चांगला दिसतो, लाल मात्र गवतात मिसळून जातो. आमचा लाल चेंडू समोर पडलेला असताना चिंगी वासाने शोधत फिरायची. निळा फेकला की सरळ धावते.

सगळी खेळणी एकदम देत नाही. तीन बाहेर, बाकीची कपाटात, आठवड्याने बदल. कपाटातून निघालेलं जुनं खेळणंसुद्धा ती नवं आल्यासारखं हुंगते.

टोपलीतली शेवटची वस्तू विकतची नाही. खाऊ शोधायची चटई बाजारात मिळते, मी ती घरीच केली. भोकं असलेल्या रबरी चटईच्या प्रत्येक भोकातून फ्लीसच्या वीतभर पट्ट्या ओवून गाठी मारल्या. फ्लीसच घेतलं, कारण कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत. डबीतले तीस-चाळीस दाणे त्यात टाकले की ती नाक खुपसून एकेक शोधते, आणि तोपर्यंत माझ्या एका ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या लागतात. मागच्या आठवड्यात तिने एक पट्टी चावायला घेतली, तेव्हा ती चटई उचलून ठेवली, गाठी पुन्हा तपासल्या आणि सैल झालेल्या सात पट्ट्या काढून नव्या घातल्या. आज सकाळी परत दिली आहे. मी बाजूलाच बसून बघते आहे.