संत्रा तोडायच्या पिशव्या: दाखवला एक माल, आला भलताच

मागच्या आंबिया बहाराच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या संत्र्याच्या तोडीच्या वेळी आमच्या शेतकरी गटातल्या अकरा जणांचे मिळून २१,०५० रुपये गेले आणि माझ्या पुतण्याचं मनगट मोडलं. दोन्हीला कारण एकच, संत्रा तोडताना छातीवर बांधायची पिशवी. बाकीच्या दहा जणांनी माझ्या तोंडाकडे पाहून पैसे काढले होते. म्हणून हे दुसऱ्या कोणी नाही, मीच लिहायला पाहिजे. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात ज्यांचे बगीचे आहेत त्यांनी निदान एकदा वाचावं.

ही पिशवी वाईट वस्तू नाही. चांगली असली तर लाखमोलाची आहे, आणि त्यामुळेच आम्ही भुललो. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ हातानं ओढून तोडलं की देठाजवळची साल फाटते. नखाचा ओरखडा, काडीची टोच, शिडीवरून खाली टाकलेल्या फळाचा मुका मार, हे सगळं तोडीच्या दिवशी दिसत नाही. त्या जखमेतून हिरवी-निळी बुरशी शिरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॅरेटमध्ये फळ सडतं, शेजारची दोन-चार घेऊन सडतं. म्हणून कात्रीनं देठ आखूड कापायचा, दंव सुकल्यावरच तोडीला लागायचं आणि फळ अलगद उतरवायचं. पण आमच्याकडे अजूनही शेल्याची झोळी नाहीतर युरियाचं रिकामं पोतं खांद्याला अडकवून तोड होते. एक हात झोळी सावरण्यात जातो, मग कात्री कोणत्या हातानं धरायची? भरलेली झोळी शेवटी ढिगावर उपडी होते ती होतेच.

चांगल्या पिशवीत दोन्ही हात मोकळे राहतात. जाड कॅनव्हास, पाठीवर फुलीसारखे जाणारे दोन रुंद पट्टे, त्यामुळे वजन दोन्ही खांद्यांवर सारखं बसतं. तोंड कडक पट्टीनं उघडं राहतं. आणि खरी करामत बुडाशी. पिशवीला बूड शिवलेलंच नसतं. खालचा कापडाचा भाग वर दुमडून दोरीनं पुढच्या आकड्यांना अडकवलेला असतो. अठरा-वीस किलो भरली की कॅरेटवर वाकायचं, दोरी सोडायची आणि पिशवी हळूहळू वर घ्यायची. फळं घरंगळत कॅरेटमध्ये बसतात, एकही आपटत नाही. बाहेर देशातल्या संत्रा-सफरचंदाच्या बागांत ही रीत जुनी आहे. बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून आपल्या मालाची जी परवड झाली आहे, ती सांगायला नको. व्यापारी आता डागी फळ बाजूला काढायला निमित्तच शोधत असतो. अशा वेळी फळ वाचवणारी वस्तू कोणाला नको असेल?

नवरात्रात एक माणूस मोटरसायकलवर आला. पस्तिशीचा असेल, स्वच्छ कपडे, बोलणं मवाळ. मागच्या सीटवर एकच पिशवी बांधलेली. त्यानं पारावर भाषण दिलं नाही, तो सरळ बगीच्यात आला. "भाऊ, आधी वापरून पाहा, मग बोलू," म्हणाला. मी पिशवी चढवली, दोन झाडांची पाडाला आलेली फळं तोडली, कॅरेटवर सोडली. काय सुरेख रिकामी झाली! माझा पुतण्या म्हणाला, "काकाजी, अशी असन तं तोड अर्ध्या वेळात होते." पिशवी खरीच चांगली होती, यात त्यानं काही खोटं दाखवलं नाही. शिवण दुहेरी, पट्टा जिथे पिशवीला जोडला तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारलेली, आकडे लोखंडी.

किंमत सांगितली १,४५० रुपये. मग आवाज थोडा उतरवून म्हणाला, शेतकरी गटासाठी पन्नास टक्के अनुदान आहे, कोटा संपत आला आहे. तुम्ही फक्त ७२५ भरा, बाकीचे कंपनी सरकारकडून घेते. फाईलचे माणशी २०० वेगळे. सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्या, फॉर्मवर सही करा, बाकी आम्ही भरतो. फॉर्म छापील होता, वर शिक्क्यासारखं चित्र होतं.

संध्याकाळी गटाची बैठक घेतली. आमच्यात एक बाबाजी आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी एकच विचारलं, "पोरा, इतकी चांगली वस्तू अर्ध्या किमतीत कोनी कायले देईन?" मी त्यांना अनुदानाचं समजावून सांगितलं. त्या माणसानं मला सांगितलेलं सगळं मी माझ्या तोंडानं, माझ्या भरवशावर सांगितलं. ती संध्याकाळ आठवली की अजून जीव कासावीस होतो. बाबाजींनी पुढे काही विचारलं नाही, दोन पिशव्यांचे पैसे काढून दिले.

सव्वीस पिशव्यांचे १८,८५० आणि अकरा फायलींचे २,२००. दुसऱ्या दिवशी फोनवरून पैसे पाठवले. पाठवताना पडद्यावर एका बाईचं नाव आलं, कंपनीचं नाही. मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम आमच्या अकाउंटंट आहेत, कंपनीच्या खात्याची लिमिट संपली." मी मानलं. मग म्हटलं, ही नमुन्याची पिशवी इथे राहू द्या, माल आला की ताडून पाहू. तो हसून म्हणाला, "भाऊ, एकच आहे हो माझ्याकडे, दुपारी पुढच्या गावात दाखवायची आहे." आणि पिशवी सीटला बांधून निघून गेला. मी त्या पिशवीचा साधा फोटोही काढला नव्हता, वजन तर दूरच.

दिवाळीनंतर ट्रान्सपोर्टनं दोन गठ्ठे आले, भाडं आमच्याच माथी. वरून रंग तोच, शिक्का तोच. गठ्ठे सोडले तेव्हा तोड सुरू झाली होती, मजूर झाडाखाली उभे होते. हातात घेतल्याबरोबर हलकं लागलं, पण घाईत मी "चालेल" म्हणालो. पुतण्यानं पहिली पिशवी भरून कॅरेटवर धरली आणि म्हणाला, "काकाजी, याचं बूड बराबर उघडूनच नाई राह्यलं." दुमडलेला भाग इतका आखूड होता की दोरी सोडली तरी फळं अर्ध्यात अडकत, आणि झटका दिला की एकदम खाली पडत. आकडे प्लॅस्टिकचे. तोंडाला पट्टीऐवजी बारीक तार.

तरीही आम्ही काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुतण्या शिडीच्या वरच्या पायरीवर होता, पिशवीत पंधरा किलोच्या आसपास फळ असेल. उजव्या खांद्याचा पट्टा जोडातून उसवला. सगळं वजन एकदम डावीकडे गेलं, त्याचा तोल गेला आणि तो हातावर पडला. मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. डोकं दगडावर आपटलं नाही, एवढ्यावरच निभावलं. त्याच्या आईसमोर जाऊन उभं राहणं मला पैशांपेक्षा जड गेलं.

संध्याकाळी तो तुटलेला पट्टा उजेडात नीट पाहिला. एकेरी शिवण, धागा कच्चा, फुलीचा चौकोन नाहीच. किराणा दुकानात पिशवी तोलली तर ३८० ग्रॅम भरली. कॅनव्हास म्हणून जे दिलं होतं ते पातळ कापड, आतून प्लॅस्टिकचा लेप. तोंडाची तार दोन पिशव्यांत कापड फाडून आत आली होती. तिचे ओरखडे किती फळांना लागले ते चार दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं. बुरशी धरलेल्या कॅरेटचे पैसे त्यानं कापले.

त्या माणसाचा फोन आधी "माल बदलून देतो" म्हणत होता, मग लागेनासा झाला. तेव्हा कुठे आम्ही बिल नीट वाचलं. हे काम पैसे देण्याआधी करायचं असतं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. आमच्या बिलावर पत्ता नागपूरचा होता, क्रमांक मात्र चौदाच अक्षरांचा. पुतण्यानं डाव्या हातानं फोनवर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून पाहिला, तर क्रमांकच चुकीचा म्हणून आला. दोन मिनिटांचं काम होतं आणि पोर्टल सगळ्यांना फुकट खुलं आहे. गठ्ठ्यावरही बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, छापील किंमत, काहीच नव्हतं. बंद पाकिटातल्या मालावर हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे.

अनुदानाबद्दल कृषी सहायकांना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की अवजारांचं अनुदान सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरूनच होतं. अर्ज शेतकऱ्याच्या स्वतःच्या नावानं जातो, आधी पूर्वसंमती मिळते, मग खरेदी करायची, बिल चढवायचं आणि पैसे थेट आपल्या खात्यात येतात. कोणी माणूस गावात येऊन अर्धी किंमत कापून देत नाही. पोर्टलवरच्या अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे, आणि आम्ही माणशी दोनशे दिले होते. हे मी आधी विचारलं असतं तर? ते कार्यालय माझ्या रोजच्या वाटेवर आहे.

सायबर तक्रारीच्या १९३० क्रमांकावर फोन केला तेव्हा पैसे जाऊन महिना उलटला होता. पैसे गेल्यावर लगेच, शक्य तर तासाभरात सांगितलं तर समोरच्या खात्यात रक्कम अडवता येते. इतक्या उशिरा खात्यात काही उरत नाही. तरी तक्रार नोंदवली, ठाण्यातही लेखी दिली. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, पण तक्रार कोणाविरुद्ध करायची? नाव खरं नाही, पत्ता खरा नाही. आम्ही तिथेच अडकलो.

पैशांपेक्षा आता काळजी कागदांची आहे. अकरा जणांचे सातबारा, आधार, पासबुक आणि सही केलेले फॉर्म त्याच्याकडे आहेत. बँकेत जाऊन प्रत्येकानं लेखी कळवलं आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं, आधारच्या ॲपवरून ते होतं. यापुढे झेरॉक्सवर आडवं लिहून देतो, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते. आठवडाभरातच गटातल्या एकाला फोन आला, "तुमचे पिशव्यांचे पैसे परत आले आहेत, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." त्याचा अंगठा पिनवर गेला होता, मुलीनं हात धरला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे त्या पोरीला माहीत होतं आणि आम्हा मोठ्यांना नव्हतं.

पिशव्यांचं काम मात्र सोडलं नाही. बाजारात ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराला आमच्या आठवणीतला नमुना समजावला. जाड कॅनव्हास, जोडावर फुलीची शिवण, लोखंडी आकडे, बुडाचा भाग हातभर लांब. पहिली पिशवी वीस किलो मातीनं भरून कडुलिंबाच्या फांदीला दोन दिवस टांगली, मधूनमधून झटके दिले. एक टाका हलला नाही, मगच बाकीच्या शिवायला दिल्या. तुम्ही कोणाकडूनही घ्या, हे टांगून पाहणं सोडू नका. कोणीतरी ती अंगावर बांधून शिडी चढणार असतो. पुढे मृग बहाराच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी निघणाऱ्या संत्र्याच्या तोडीला पुतण्यानं तीच पिशवी बांधली. जड उचलताना त्याचं मनगट अजून दुखतं.

गेल्या आठवड्यात काटोलकडच्या जावयाचा फोन आला. त्यांच्या गावात मोटरसायकलवर एक माणूस आला होता, सीटला एकच पिशवी बांधलेली, अर्ध्या किमतीत अनुदानावर देतो म्हणत होता. माझं सगळं ऐकलेलं असल्यामुळे जावई त्याला म्हणाले, "पिशवी रातभर ठेवून जा, सकाळी पाहून पैसे देतो." तो म्हणाला, पुढच्या गावात लोक वाट पाहत आहेत, आणि चहा न घेताच निघून गेला. पुढचं गाव कोणतं, ते जावयांना कळलं नाही.